बाई म्हणाली, 'सरळ जा'

फोनमधली बाई म्हणाली, 'सरळ जा.' सरळ म्हणजे ज्वारीसाठी नांगरून ठेवलेलं रान!

मंगळवेढ्याच्या पुढं, गाडीवाटेवर जीप उभी. रेंज गेलेली. निळा ठिपका मात्र जागच्या जागी, कारण जीपीएसला उपग्रह पुरतात, इंटरनेट लागत नाही. ठिपक्याखालचा नकाशा तेवढा कोरा. मग डॅशबोर्डवरच्या उन्हानं फोन तापून बंदच पडला.

शेळ्या राखणारे एक मामा जवळ आले. वाकून बघितलं आणि विचारलं, "काल पाऊस कुठं पडलाय, ते दावतंय का त्यात?"

नाही ओ मामा.

पुढच्या वळणावरच्या काळ्या मातीत परवा ट्रॅक्टर रुतला होता म्हणे.

घरी आल्यापासून हाच किडा डोक्यात. ओएसएमअँड या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये सोलापूर-सांगोल्याचा नकाशा आधीच उतरवून जुना टॅब लावावा, की बटणांचा गार्मिन, म्हणजे नुसतं जीपीएसचं यंत्र, घ्यावा? टॅबचा पडदा मोठा, पण ऊन त्यालाही सोसत नाही. गार्मिन दणकट, पण महाग, आणि पडदा बिस्किटाएवढा. आलेली वाट नोंदवून त्याच वाटेनं परत आणणं दोन्हींना जमतं. मला खरं तर तेवढंच हवंय.

काळ्या रानात गाडी घालणाऱ्यांनो, तुम्ही काय लावलंय?