फायकसची जोडी पूर्ण, लॅक्टेरियसची अर्धी

वहीत फायकसची दोन्ही पानं भरली. डावीकडे पऱ्याच्या काठचा उंबर, फायकस रेसिमोसा. उजवीकडे मिरकरवाडा बंदरात जाळी झाडल्यावर उरलेल्या ढिगात मिळालेला फायकस वंशाचाच शंख. शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे वंशाचं नाव, वनस्पतीत आणि प्राण्यात एकच असेल अशा जोड्या मी जमवतोय. दोन्ही जीव रत्नागिरी-सिंधुदुर्गातच प्रत्यक्ष पाहायचे हा नेम, त्यामुळे ही जोडी मला फार मोलाची.

शंख पातळ आणि हलका. वर फुगीर, खाली निमुळता होत गेलेला, हुबेहूब अंजीर. अंगावर बारीक रेघांची जाळी, तोंडाला झाकण नाही. हे प्राणी वाळूच्या तळावर राहतात. कवच इतकं नाजूक की किनाऱ्यावर वाहून आलेल्यांच्या कडा बहुधा फुटलेल्या असतात. अख्खा हवा तर बंदरावरच शोधा. जात अजून लिहिलेली नाही, रेघा नीट ताडून पाहायच्या आहेत.

वड, पिंपळ आणि उंबर यांना लिनियसने १७५३ मध्ये फायकसमध्ये घातलं, रोडिंगने १७९८ मध्ये तेच नाव शंखांना दिलं. दोन्ही टिकली, कारण वनस्पतींची नियमावली वेगळी आणि प्राण्यांची वेगळी. आपापल्या हद्दीत एक नाव दोन वंशांना मिळत नाही, हद्दीपलीकडे आडकाठी नाही. फायकस व्हेरिएगाटाचे तर दोन्ही शब्द जुळतात: रोडिंगचा शंख आणि ब्लूमने १८२५ मध्ये नाव दिलेलं झाड, उंबरासारखी खोडावर फळं धरणारं. म्हणून नावापुढे ते देणाऱ्याचं नाव आणि साल लिहाच. नाहीतर पुढे नोंद वाचणाऱ्याला झाड की शंख, काहीच कळणार नाही.

अ‍ॅरेनेरियाचं एकच पान भरेल. दगड उलथून खाणं शोधणारा टर्नस्टोन हिवाळ्यात आपल्या खडकाळ किनाऱ्यांवर येतो, पण त्या नावाच्या वनस्पती बघायला हिमालय गाठावा लागेल.

आता लॅक्टेरियस. मासा सोपा: आपला सौंदाळा, लॅक्टेरियस लॅक्टेरियस. चंदेरी अंग, कल्ल्याच्या वरच्या बाजूला काळसर डाग. असं दुहेरी नाव प्राण्यांच्या नियमांत चालतं, वनस्पतींच्या नियमांत नाही, आणि अळंब्या वनस्पतींच्याच नियमावलीखाली येतात. तेव्हा हे नाव दिसलं की तो मासाच.

याच वंशनावाची अळंबी मोडली की दूध येतं. तिला हे नाव पर्सूनने १७९७ मध्ये दिलं. पण नुसत्या दुधावर भागत नाही. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच दुधी अळंब्या आता लॅक्टिफ्लुअस या वेगळ्या वंशात गेल्यात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशिवाय पान भरायचं नाही असं ठरवलंय. वारुळावरच्या अळंब्यांमागे लागूनही उपयोग नाही. लॅक्टेरियस अळंबी जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेली असते. पाऊस स्थिरावला की देवरायांतल्या जुन्या झाडांखाली शोध सुरू करीन. राजापूर-संगमेश्वरकडे कुणाला दूध येणारी अळंबी दिसली तर चाखू नका, फोटो काढा आणि वर कोणतं झाड होतं ते आवर्जून लिहून ठेवा.