आजची भाकर

मंगळवार, 14 मे 2024. जालना.

डाव्या हातानं लिहितेय. कुत्र्याचे पाय मांजराला, असं अक्षर आलंय. उजवा हात प्लास्टरमध्ये, आजचा सोळावा दिवस. काल मत देऊन आले. शाई डाव्याच बोटाला लावतात, तेवढं एक काम या हातानं रुबाबात केलं.

पडले 28 एप्रिलच्या रविवारी पहाटे. नवव्या दिवशी नळ आला होता. मोटार लावायला धावले, ओल्या फरशीवर पाय सटकला आणि हात टेकला. मनगट गेलं हे आवाजावरूनच कळलं. 34 वर्षं नर्स होते, असली मनगटं किती पाहिली असतील. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, पिळायचं नाही. भाकरी थापता येणार नाही, हे मात्र घरी येऊन पिठाचा डबा उघडला तेव्हा डोक्यात शिरलं.

तेव्हापासून शेजारच्या वहिनी दुपारी भाकरी आणतात. ज्वारीची, टम्म फुगलेली, सोबत असेल ते कालवण. भिंतीवर ताट ठेवतात आणि हाक मारतात, "सिस्टर, गरम हाय तवर खा."

पहिल्या दिवशी ताट परत देताना मी त्यात वाटीभर साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन आंबे. मग चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं मला आणून दिलेली नानकटाईच तिकडं सरकवली. भांडं रिकामं परत देऊ नये, हा रिवाज आहेच. पण माझ्या मनात रिवाज नव्हता, हिशेब होता. याच वहीच्या मागच्या पानावर मी रेघा मारल्यात, रोज किती भाकरी आल्या त्याच्या. किराणा दुकानातल्या उधारीसारख्या!

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आजीकडून.

पणजोबा बेथेलचे. जालन्याजवळची ही वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली. ब्राह्मण घरातला माणूस, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं निजामाच्या मुलखात येऊन मांगवाड्यातल्या लोकांत राहिला. आमचं घराणं त्याच मांगवाड्यातलं. त्याआधीच्या पिढ्या सांजच्याला पाटी घेऊन दारोदार फिरायच्या, "भाकर वाढा माय" म्हणत. बलुत्याचा हक्क म्हणायचे त्याला, पण भाकर वरून पडायची, हाताला हात न लागता. आजीनं हे तिच्या सासूकडून ऐकलेलं. तिचा कायदा एकच होता: कुणाच्या दारची भाकर या घरात यायची नाही. पाळकसाहेब उपदेशात नम्र व्हा म्हणाले की ती बाकावर बसल्या बसल्या पुटपुटायची, "वाकून वाकून तर पाठी गेल्या आमच्या माणसांच्या."

याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. चर्चमध्ये नम्रता हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय, असं मला वाटतं. ज्याला कधी ताठ उभंच राहू दिलं नाही, त्याला आणखी काय वाकायला सांगता? प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा तो गुरू होता आणि आपल्या मर्जीनं खाली बसला होता. लाचारी वेगळी.

पण हीच आजी रोज रात्री कंदिलापुढं म्हणायची, "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." तिचा सौदा साफ होता. भाकर मागायची ती देवाजवळ, माणसाजवळ नाही. मीही आयुष्यभर तसंच चालले. पेन्शन एक तारखेला जमा होत असली की देवावर भरवसा ठेवायला कष्ट पडत नाहीत, हेही लिहून ठेवते.

काल रात्री झोप येईना म्हणून बायबलमधला पहिले राजे, 17वा अध्याय काढला. दुष्काळ पडलाय, एलीया संदेष्टा ओहळाकाठी लपलाय, कावळे त्याला भाकर आणून देतायत. मग ओहळ आटतो, आपली कुंडलिका आटते तसा. आणि देव त्याला पाठवतो कुठं, तर सीदोनाकडच्या सारफथ गावी, परक्या लोकांतल्या एका विधवेकडं. तिच्या मडक्यात मूठभर पीठ. आणि हा तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर.

चर्चच्या शब्बाथ शाळेत पोरांना ही गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली असेल. दर वेळी विधवेचा विश्वास सांगितला, तिचं मूठभर पीठ दुष्काळभर सरलं नाही हे सांगितलं. मागताना एलीयाच्या घशात काही अडकलं असेल का, हे एकदाही मनात आलं नाही. पीठ सरलं नाही खरं, पण त्याची भाकर रोज कुणीतरी थापलीच असणार. आणि त्यानं ती रोज घेतली असणार. देवानं आणखी कावळे धाडले असते तर त्याला सोपं गेलं असतं. कावळ्याचे उपकार कोण मोजतं!

रविवारी वहिनींनी माझं डोकं धुऊन दिलं. मी मान आखडून बसलेली. वॉर्डात पेशंटचं अंग पुसताना "लाजायचं काय त्यात, मावशी" असं मी सहज म्हणायचे. किती जणींना म्हटलं असेल!

आज ताटात ठेवायला घरात काही नव्हतं. म्हणजे वहिनींच्या पोराला दुकानात पाठवता आलं असतं, पण नाही पाठवलं. डाव्या हातानं ताट घासलं, कडेला कालवणाचा डाग राहिलाच. रिकामंच भिंतीवर ठेवलं आणि चोरी केल्यासारखी तिथंच उभी राहिले. वहिनी आल्या, ताट काखेला मारलं, आत काय आहे हे बघितलंसुद्धा नाही.

"हात दुखायलाय का अजून?"

"थोडा."

"उद्या पिठलं करायलेय. चालंल ना?"

चालेल म्हटलं. मिरची जरा जास्त घाला, असंही बोलून गेले.