बघण्याचे पैसे

अँप्लिफायर दुरुस्त होऊन घरी आला, एक संध्याकाळ छान वाजला आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तीच घरघर सुरू. दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलाने पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, हा फॉल्ट वेगळा आहे." आवाज तोच, तापल्यावरचा वासही तोच, फॉल्ट मात्र वेगळा. आणि फॉल्ट वेगळा म्हटला की चेकिंग चार्ज नव्याने.

बघण्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. उलट दुरुस्तीत बघणं हेच खरं काम. गेलेला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा पार्ट, काढून दुसरा बसवायला वेळ लागत नाही. बोर्डावरच्या गर्दीत गेलेला कोणता, हे ओळखण्यात कसब आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो, तो उष्णतेने आतून सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा त्याचा ढोबळ हिशेब. कधी डोकं फुगवून बसतो, तेव्हा लगेच सापडतो. पण कधी वरून ठाकठीक आणि आतून कोरडा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाख, तर त्याहून लबाड: गार असताना टेकलेला, तापला की सुटलेला. दुकानात जरा वेळ लावून पाहिलं तर सगळं ठणठणीत, घरी तासाभराने घरघर.

तेव्हा बघितलं असेल तर पैसे जरूर घ्या, पण काय बघितलं ते तरी सांगा! पावतीवर नुसतं 'बोर्ड रिपेअर'. डॉक्टरने केसपेपरवर 'माणूस बरा केला' एवढंच लिहावं, तसं.

लहानपणी आमचा रेडिओ ज्यांच्याकडे जायचा ते काका मला शेजारी उभं राहू द्यायचे. रेडिओच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. काका तो बघतसुद्धा नसत, पण मी बघायचो. ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बोर्डावर हलकेच टकटक करत जायचे. गाणं यायचं, जायचं, यायचं. मग एका जागी थांबून "हं" म्हणायचे. सोल्डरिंग आयर्न टेकलं की राळेचा धूर वर यायचा. काम झालं की काढलेला पार्ट माझ्या तळहातावर ठेवायचे. "हा गेला होता." मेलेल्या पार्टांची माझी एक डबी होती. रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्यांवरून किंमत वाचायला मी तिच्यातच शिकलो: तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन. काळा म्हणजे शून्य. जळलेल्या रेझिस्टरचे सगळेच पट्टे काळे, म्हणजे सगळीच शून्यं, असं मला बरेच दिवस वाटायचं.

तेव्हापासून खोड लागली ती लागलीच. जुना पार्ट परत मागायचा. हल्ली मागितला की समोरचा असा बघतो, जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतलाय. यावेळी खूपच लावून धरलं, तेव्हा त्या मुलाने काउंटरखालच्या खोक्यात हात घालून एक आयसी, म्हणजे काळी चिप, काढून दिला. त्याच्यावर धुळीचा चांगला थर होता. माझ्याआधी कित्येक गिऱ्हाइकांची समजूत त्याच आयसीने घातली असणार.

"आतल्या माणसाला बोलव," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

पडद्यामागून एक माणूस आला. कपाळावर सरकवलेली भिंग, बोटांवर सोल्डरिंग आयर्नचे जुने डाग. भांडायच्या तयारीत होतो, पण त्याने अँप्लिफायर उचलला, झाकणाच्या फटीतून आत डोकावला आणि हळूच म्हणाला, "तापल्यावर येतो ना आवाज? ड्राय असणार कुठेतरी. तासभर चालू ठेवून बघायला हवा."

"मग मागच्या वेळी का नाही बघितला?"

"आम्हाला पीसवर पैसे मिळतात. बघत बसलो तर दिवस जातो."

"आणि हा चेकिंग चार्ज?"

त्याने काउंटरकडे नजर टाकली आणि भिंग पुन्हा डोळ्यावर ओढली. "तो दुकानाचा."

आतून कुणीतरी हाक मारली. तो गेला. मी चार्ज भरला.