हाल्ब द्राय म्हणजे किती?

श्टुटगार्टमधे शाळेत गणित शिकवायला लागून आता बरीच वर्षं झाली, पण पहिली पालकसभा आठवली की अजून कसंतरीच होतं. निरोप होता "हाल्ब द्राय". हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, आणि लंडनवाल्या मैत्रिणीच्या तोंडी हाफ थ्री म्हणजे साडेतीन हे ऐकलेलं, त्यामुळे मी आपली सव्वातीनलाच ऐटीत हजर, लवकर आले म्हणून खूशसुद्धा. बघते तर खुर्च्या उचलणं चाललेलं. सभा अडीचला होती!

रात्री चहा घेताना डोक्यात उजेड पडला. अहो, आपलं अडीच तरी दुसरं काय आहे? मूळ संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. जर्मन लोक तेच तर म्हणत होते, मधे इंग्रजी मी घुसडलं. त्यात या श्वाबेन भागात सव्वादोनला "फिअर्टल द्राय" आणि पावणेतीनला "द्रायफिअर्टल द्राय" म्हणतात, म्हणजे तिसऱ्या तासाचा पाव, अर्धा, पाऊण. उत्तरेकडचे जर्मनसुद्धा इथे गडबडतात. मी आता नाही गडबडत.

आकड्यांचंही तेच. ८४ म्हणजे "फिअर-उन्ट-आख्त्सिग", चार आणि ऐंशी. तुर्की, इटालियन घरातली पोरं हे ऐकून बिनधास्त ४८ लिहून मोकळी होतात, आणि मला दर वेळी वाटतं की बाळांनो चौऱ्याऐंशी म्हणा, आपोआप जमेल. (२०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" आलं तेव्हा आपल्याकडे केवढा राडा झालेला. इथेही असं उलटं म्हणू द्या म्हणणारी एक संस्था आहे आणि तिचं नावच "त्स्वान्त्सिगआइन्स", म्हणजे चक्क वीस एक! हसावं का रडावं.)

बाकी सवयी हळूहळू लागल्या. भागाकाराला नुसते दोन टिंब, दशांशाला स्वल्पविराम, सातच्या पोटात आडवी रेघ. आणि परीक्षेत १ म्हणजे सगळ्यात भारी, ६ म्हणजे नापास, हे काही आईला अजून पटलेलं नाही.

परवा शुक्रवारी शेवटच्या तासाला पोरं कंटाळलेली, म्हणून फळ्यावर मराठी आकडे शिकवले. एकवीस, बावीस, तेवीस, सगळे माना डोलवतायत, हे तर आमच्यासारखंच. अठ्ठावीसपर्यंत छान चाललं. मग एकोणतीस आलं. म्हटलं, म्हणजे तिसाला एक कमी. मागच्या बाकावरून हात वर आला, मग अठ्ठावीस म्हणजे तिसाला दोन कमी का नाही?

मी सांगितलं, पाठ करायचं.