आमची वाटचाल : इंजिन कोणाचं?

कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही दोघे भागीदार होतो. तिसरा एक मित्र होता, पण तो कंपनीत कधीच नव्हता. घोळ तिथेच होता, आम्हाला कळला फार उशिरा.

आमचं सॉफ्टवेअर फायली एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर पोचवतं, मधे सर्व्हर न ठेवता. स्क्रीन, सेटिंग्ज, पासवर्डची भानगड आम्ही लिहिली. राउटरच्या आड बसलेली दोन यंत्रं एकमेकांना शोधतात आणि जोडली जातात, तो पीअर-टू-पीअरचा गाभा मित्राने लिहिला. त्याने बिल लावलं, आम्ही चुकतं केलं. पैसे दिले म्हणजे माल आपला, असं आम्ही धरून चाललो.

कोडचं तसं नसतं. नोकरीत लिहिलेला कोड सहसा मालकाचा होतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्याचा कॉपीराइट मात्र, लेखी हस्तांतरण नसेल तर, बहुतेक ठिकाणी त्याच्याकडेच राहतो. आपल्या हाती फार तर वापरायची परवानगी. एका मोठ्या ग्राहकाच्या वकिलाने मालकीचे कागद मागितले आणि आमच्या फायलीतून निघाल्या नुसत्या पावत्या. मित्राकडे सही मागितली, तर त्याची नोटीस आली. (त्याचं चुकत नव्हतं, हे आज लिहितोय. तेव्हा मी त्याचं नावही काढत नव्हतो.)

आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच बैठकीत स्काइपची गोष्ट सांगितली. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने 2005 मध्ये इंटरनेटवरून फोन लावून देणारी स्काइप विकत घेतली, पण तिच्या पोटातलं ‘ग्लोबल इंडेक्स’ हे पीअर-टू-पीअर तंत्र संस्थापक निकलस झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांच्या जोल्टिड या वेगळ्या कंपनीकडेच राहिलं. स्काइपकडे होता फक्त परवाना. 2009 मध्ये जोल्टिडने तो रद्द केल्याचं कळवलं. लंडनमध्ये आणि कॅलिफोर्नियात दावे उभे राहिले, तेही ईबे स्काइपमधला मोठा हिस्सा विकायला निघाली असताना. नोव्हेंबरात तडजोड झाली. तंत्र स्काइपच्या मालकीचं झालं. त्याच्या आणि काही गुंतवणुकीच्या बदल्यात संस्थापकांच्या बाजूला 14 टक्के हिस्सा मिळाला.

‘मग गाभाच नवा लिहू,’ असं भागीदार म्हणाला. स्काइपनेही पर्यायी सॉफ्टवेअरची तयारी सुरू केली होतीच. पण जुना कोड पाहिलेल्यांनीच नवा लिहिला, तर नक्कल केल्याचा आरोप ठरलेला. म्हणजे माणसं नवी हवीत. शिवाय सर्व्हर आपला असता तर एका रात्रीत बदलता आला असता. इथे जाळं ग्राहकांच्याच यंत्रांचं. नव्या आवृत्तीला जुनीशी बोलता आलं नाही तर अर्धी यंत्रं मुकी. चार महिने खटपट केली आणि सोडून दिली.

शेवटी मित्राला कंपनीत छोटा हिस्सा दिला, त्याने कॉपीराइट लिहून दिला. कागदांवर सह्या झाल्या त्या आठवड्यात मी त्या मोठ्या ग्राहकाला फोन केला. त्यांनी तोवर दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेतलं होतं.