एक तारखेचं दुखणं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात दर एक तारखेला हिशेबाचा रिपोर्ट बंद पडायचा. पडद्यावर 'परमिशन डिनाइड फॉर टेबल'. मग जुना सॉफ्टवेअरवाला यायचा, काहीतरी टाईप करायचा, व्हिजिटचं बिल लावायचा आणि महिना निघायचा. यावेळी तो फोनच उचलेना, म्हणून मला बोलावणं आलं.

नोंदी साठवायला पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस. उत्पादनाच्या नोंदींना दर महिन्याला नवं टेबल, म्हणजे नवा तक्ता; ते सॉफ्टवेअर एक तारखेच्या पहाटे आपोआप बनवतं. रिपोर्टसाठी फक्त वाचू शकणारा वेगळा युजर. मांडणी चांगली होती, इतकं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

दिवाणजी म्हणाले, "सर, सगळ्या टेबलांना परमिशन दिलीय की ओ. मागच्या महिन्यातच दिली."

दिली होती, खोटं नाही. सगळ्या टेबलांना एका फटक्यात वाचायची परवानगी देणारी 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा' ही सोय पोस्टग्रेसच्या 2010 च्या 9.0 आवृत्तीत आली, त्याआधी एकेका टेबलाचं नाव घालावं लागे. पण त्यातलं 'ऑल' म्हणजे कमांड चालली त्या क्षणी असलेली टेबलं. पुढच्या टेबलांना आपोआप परवानगी मिळावी असा नियम घालायला 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' लागतं.

गंमत म्हणजे तेही केलेलं होतं! असे नियम दाखवणारी 'बॅकस्लॅश डीडीपी' ही कमांड मारली आणि नियम समोर आला. ओनरच्या रकान्यात मात्र 'पोस्टग्रेस', म्हणजे डेटाबेसच्याच नावाचा युजर. हा नियम टेबल कोण बनवतो त्यावर चालतो. पोस्टग्रेस युजरने बनवलेल्या टेबलालाच तो लागू. इथे टेबलं बनवत होता सॉफ्टवेअरचा युजर. 'फॉर रोल' घालून त्याच्या नावाने नियम लिहिला, चालू महिन्याच्या टेबलाला ग्रँट दिली. मग त्याच युजरने एक खोटं टेबल बनवलं, रिपोर्टच्या युजरने वाचून पाहिलं, उडवलं.

"एवढी भानगड कशाला? सुपरयुजर करून टाका की त्याला," मालक म्हणाले. हे मला प्रत्येक कारखान्यात ऐकावं लागतं. रिपोर्ट बघणाऱ्याच्या हातात अख्खा डेटाबेस पुसायची ताकद, आणि वर बॅकअप कुणी तपासलेला नसतो.

'फॉर रोल' माहीत नसणारे पुष्कळ भेटतात. पण दर महिन्याला तोच एरर बघून एकदाही ओनरचा रकाना वाचावासा वाटू नये?

"मुद्दाम ठेवलं होतं का ओ त्यानं?" मालकांनी विचारलं. तसं म्हणता येणार नाही, असं मी सांगितलं. तोवर दिवाणजी व्हिजिटच्या बिलांची फाईल काढून बेरीज करायला बसलेसुद्धा.