इंडेक्स रिबिल्ड कधी करायचं? तीस टक्के झाले म्हणून नाही

नवा सर्व्हर हाती आला की मी आधी जॉब्सची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) यादी उघडते. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल तर रविवारी पहाटेचा एक जॉब ठरलेला: इंडेक्सचं (रो पटकन सापडाव्यात म्हणून क्रमाने लावलेल्या रचनेचं) फ्रॅगमेंटेशन, म्हणजे विस्कटलेपण, पाच ते तीस टक्के असेल तर रीऑर्गनाइझ (आहे तिथेच क्रम लावणं), तीसच्या वर गेलं की रिबिल्ड (इंडेक्स नव्याने बांधणं). हे आकडे मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या डॉक्युमेंटेशनमधले. पॉल रँडल तेव्हा तिथे एसक्यूएल सर्व्हरच्या टीममध्ये होते. लोकांना काहीतरी आकडा हवा होता म्हणून आपणच ते ठरवून दिले, असं त्यांनीच पुढे उघडपणे सांगितलं. शिवाय तो काळ फिरत्या डिस्कचा. पेजेसचा (डेटाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा) क्रम विस्कटला की डिस्कचं हेड इकडून तिकडे पळायचं आणि मोठा स्कॅन रखडायचा. एसएसडीवर ही अडचण बरीचशी संपते.

अलीकडेच एका वाहतूक कंपनीचं ऑर्डर टेबल बघितलं. प्रायमरी की (प्रत्येक रोची ओळख) म्हणजे रँडम जीयूआयडी (कुठलाही क्रम नसलेला लांबलचक आयडी), फ्रॅगमेंटेशन ९९ टक्के, आणि सगळ्यांचा धोशा एकच: रिबिल्ड करा. मी स्टॅटिस्टिक्स आयओ (क्वेरीने किती पेजेस वाचली ते दाखवणारं सेटिंग) चालू करून एक ऑर्डर तिच्या आयडीने काढली. लॉजिकल रीड्स चार. टेस्टच्या कॉपीवर रिबिल्ड करून तीच क्वेरी चालवली, तरी चारच. इंडेक्सची रचना झाडासारखी, वरून खाली पायऱ्यापायऱ्यांची; त्या झाडाची उंची तेवढीच राहिली, मग रीड्स कमी कुठून होणार?

खरी गोम पेज डेन्सिटीत होती. ती ६८ टक्के निघाली, म्हणजे ८ केबीच्या प्रत्येक पेजचा जवळपास एक तृतीयांश भाग रिकामा. ३० जीबीचं टेबल मेमरीत आलं की त्यातली साडेनऊ जीबी रॅम रिकाम्या जागेवर जाते. हा आकडा बघायचा तर फ्रॅगमेंटेशन तपासताना सॅम्पल्ड किंवा डिटेल्ड मोड लागतो. नेहमीच्या लिमिटेड मोडमध्ये तिथे नुसता नल (रिकामी किंमत) येतो, म्हणून कोणी बघतच नाही. इथे रिबिल्डला अर्थ आहे, पण फिल फॅक्टर (पेज किती टक्के भरायचं तो आकडा) कमी ठेवून. पेजेस ठासून भरली तर सोमवारी सकाळी नव्या ऑर्डर्स येताच पेज स्प्लिट्सचा (भरलेलं पेज फोडून दोन करण्याचा) धडाका सुरू होतो.

‘पण रिबिल्ड केल्यावर फास्ट होतं की!’ होतं, खरंय. बहुतेक वेळा ते श्रेय स्टॅटिस्टिक्सचं (डेटा कसा पसरलाय त्याच्या नोंदींचं) असतं. रिबिल्डमध्ये त्या इंडेक्सचे स्टॅटिस्टिक्सही ताजे होतात आणि क्वेरीला नवा प्लॅन (डेटा शोधायचा मार्ग) मिळतो. रीऑर्गनाइझ त्यांना हातही लावत नाही. म्हणून आधी नुसतं अपडेट स्टॅटिस्टिक्स चालवून बघा. लॉग (बदलांची नोंदवही) फुगत नाही, सेकंडरी सर्व्हर (डेटाची कॉपी ठेवणारा) मागे पडत नाही, बॅकअपही आटोक्यात राहतो. क्वेरी तेवढ्यानेच सुधारली, तर इंडेक्सला हात लावायचं कारणच उरत नाही.

मोठं आर्काइव्हिंग होऊन लाखो रो डिलीट झाल्या, किंवा डेन्सिटी घसरलीय आणि रॅमही अपुरी पडतेय, तर मी रिबिल्ड लावते.

पोस्टग्रेसवर (हा दुसरा एक डेटाबेस) मात्र एक प्रसंग असा आहे, जिथे मी कुठलीच टक्केवारी बघत बसत नाही. ओएस अपग्रेडमध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांचा क्रम तिच्याकडून येतो) २.२८ च्या आधीच्या आवृत्तीवरून २.२८ किंवा त्यापुढे गेली (डेबियन लिनक्समध्ये १० पासून तसंच आहे), की अक्षरांचा सॉर्टिंग क्रम बदलतो आणि टेक्स्ट कॉलमवरचे जुने इंडेक्स चुकीच्या क्रमाने लावलेले ठरतात. रो टेबलात असते, पण इंडेक्सला सापडत नाही. युनिक इंडेक्समधूनही डुप्लिकेट शिरतं. तिथे अ‍ॅप्लिकेशन चालू करण्याआधी त्या सगळ्या इंडेक्सवर रीइंडेक्स (पोस्टग्रेसचं रिबिल्ड) करायचंच.